मालक हटवा म्हणताय, खरं पुढं काय?

गेल्या महिन्याच्या अंकात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या एका फॅनला उत्तर देताना मी लिहिलं होतं की 'मालक हटवा' एवढंच ओरडून भागणार नाही, हटवल्यावर काय पाहिजे ते पण सांगायला पाहिजे. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर इतके मेसेज आले की या वेळचा सगळा रकाना त्यालाच देतोय, क्रिकेटवाल्यांनी एक महिना दम धरावा. बेळगाव शहर, निपाणी, चिकोडी, खानापूर सगळीकडनं आलेत, बरेच जण चिडलेत आणि त्यांची चीड मला पटते. नावं घालत नाही, गावं घालतोय.

सर, तुम्ही म्हणताय मालक गेला तरी फरक पडत नाही. आम्ही शाळेत असल्यापासनं युनायटेड बघतोय, ग्लेझर मालक झाल्यापासनं क्लबची पार वाट लागली, २०२४-२५ ला तर पंधरावा नंबर. मग राग मालकावर नाही काढायचा तर कुणावर, कोचवर?
— टिळकवाडी, बेळगाव

राग मालकावरच काढा, कोचवर कशाला. तो सीझन सगळ्यांनी बघितलाय, ऑक्टोबरात कोच टेन हाग गेला, नोव्हेंबरात नवा कोच अमोरिम आला, शेवटी ४२ पॉइंट, मे महिन्यात बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडनं १-० नं हरली, आणि पुढच्या सीझनला ऑगस्टमध्येच चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीनं लीग कपमधनं पेनल्टीवर बाहेर काढलं. जुने कोच फर्ग्युसन गेल्यापासनं कोचवर कोच बदलले, मालक तेच राहिले.

खरं तुमचा राग नेमका कशावर आहे ते जरा सुटं करून बघा. २००५ ला ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला तो साधारण ७९ कोटी पौंडाला, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे कर्जानं उचललेले, आणि त्या कर्जातलं बरंचसं क्लबच्याच नावावर टाकलं. आधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे क्लब विकत घ्यायला लागलेले पैसे क्लबनंच फेडायचे, तिकिटातनं, टीव्हीतनं, जर्सीतनं. व्याज, फी, डिव्हिडंड असं सगळं धरून आजपर्यंत शंभर कोटी पौंडांच्या वर पैसा त्यात गेलाय आणि क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमचं छप्पर गळतंय ते आपण टीव्हीवर बघतोय. आता सांगा, हे करायला त्यांना कुणी अडवलं? कुणीच नाही, कारण तिथल्या नियमात ते बसत होतं. माझा मुद्दा तिथं आहे. उद्या ग्लेझर गेले आणि नियम तसाच राहिला तर पुढचा येणारा पण तेच करू शकतो, मग तो कितीही गोड बोलू दे.

आणि मालक बदलून बघितलंय की लोकांनी. लिव्हरपूलवाल्यांनी हिक्स आणि जिलेट यांना घालवलं, २००७ ला आलेले दोघं, क्लबवर कर्ज चढवलं, पोरांनी २००८ ला स्पिरिट ऑफ शँकली म्हणून युनियन काढली, मोर्चे काढले, शेवटी २०१० च्या ऑक्टोबरात प्रकरण कोर्टात जाऊन क्लब ३० कोटी पौंडाला आत्ताच्या मालकांकडं आला. हे मालक चांगलेच निघाले म्हणा, २०१९ ला चॅम्पियन्स लीग आली, २०२० ला तीस वर्षांनी लीग आली. खरं याच चांगल्या मालकांनी २०१६ ला ७७ पौंडाचं तिकीट काढलं आणि याच चांगल्या मालकांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये फॅनना न विचारता सुपर लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांनी आपली वेगळी काढायच्या लीगच्या कागदावर सही केली. ७७ पौंडाच्या वेळी सुंदरलंडच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला हजारो माणसं उठून बाहेर गेली, लिव्हरपूल २-० नं पुढं होती, लोक गेल्यावर २-२ झाली, आणि चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागं घेतले. मला हे उदाहरण सगळ्यात आवडतं, कारण त्यात कुणी 'चालते व्हा' म्हटलं नव्हतं. मागणी एकच, किती पौंड ते ठरलेलं, आणि ती मिळाली.

युनायटेडला पण २०२४ च्या फेब्रुवारीत उद्योगपती रॅटक्लिफ आले, पाव हिस्सा घेतला, फुटबॉलचा कारभार हातात घेतला, आपल्याकडं पण पोरांनी स्टेटस ठेवली की आता दिवस बदलले. आणि त्याच वर्षाअखेरीस सीझन चालू असताना उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही, त्याआधीच शेकडो कामगारांना काढलं होतं. माणूस बदलला, ज्याच्याकडं शेअर जास्त त्याचा शब्द शेवटचा ही पद्धत तीच राहिली. म्हणून म्हणतोय, मालक हटवा म्हणा, जोरात म्हणा, खरं त्याच्या पुढं दोन ओळी जोडा: नवीन येणाऱ्यानं क्लबवर कर्ज टाकायचं नाही, आणि तिकीट, नाव, रंग, मैदान यातलं काही बदलायचं असेल तर फॅनच्या संघटनेची मंजुरी लागेल.

दादा, आम्ही इथं निपाणीत बसून मोबाईलवर शिव्या घालून त्यांना काय फरक पडणार? आमची जर्सी पण फर्स्ट कॉपी, क्लबला एक रुपया जात नाही. बॉयकॉट करायला आमच्याकडं आहे तरी काय?
— निपाणी

भावा, तुझ्याकडं तुला वाटतंय त्याच्यापेक्षा लई जास्त आहे. ती जर्सी मला माहीत आहे, आपल्याकडं सगळ्या गल्लीत तीच फिरते, बिल्ला जरा तिरका शिवलेला, कॉलरच्या आतला धागा टोचतो आणि चार धुण्यात छातीवरच्या स्पॉन्सरचं नाव कडेनं सुटायला लागतं. त्यातनं क्लबला काही जात नाही, बरोबर. खरं तू ती घालून चौकात उभा राहतोस तेव्हा त्या स्पॉन्सरची जाहिरात होतेच ना.

युनायटेड गेली कित्येक वर्षं जगाला सांगते की आमचे ११० कोटी फॅन आणि फॉलोअर आहेत. एवढी माणसं मँचेस्टरमध्ये आहेत का? ती लागोस, जकार्ता, कोलकाता, मलप्पुरम, आणि हो, निपाणीत आहेत. क्लब स्पॉन्सरसमोर बसतो तेव्हा हाच आकडा टेबलावर ठेवतो आणि त्याच्यावर पैसे घेतो. म्हणजे तुझ्या नावानं कुणीतरी पैसे घेतलेत आणि तुला कुणी विचारलेलं नाही.

हे नुसतं बोलायचं म्हणून सांगत नाही. २०२१ च्या २ मे ला सुपर लीगच्या रागात फॅन ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात शिरले आणि लिव्हरपूलची मॅच पुढं ढकलावी लागली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. खरं त्याच महिन्यात दुसरी गोष्ट झाली ती फार लोकांनी बघितली नाही. फॅननी ठरवलं की क्लबचे जे जे स्पॉन्सर आहेत त्यांच्या वस्तू घ्यायच्या नाहीत, त्यांच्या पोस्टखाली जाऊन तसं सांगायचं. प्रॅक्टिसच्या कपड्यांसाठी एक कंपनी येणार होती, दहा वर्षांचा आणि वीस कोटी पौंडांचा करार, ती बाजूला झाली. त्या कंपनीला मैदानावरच्या गोंधळाची भीती नव्हती, आपला माल खपणार नाही याची होती. आणि यात परदेशातल्या फॅनचा आवाज पण होताच.

तर निपाणीतनं करायचं असेल तर मालकाच्या फोटोखाली शिव्या लिहू नकोस, तो वाचत नाही. स्पॉन्सरच्या पेजवर नीट भाषेत लिही की मी अमुक वर्षांपासनं या क्लबचा फॅन, हा मालक असा वागतोय तोपर्यंत तुमची वस्तू घेणार नाही. फॅन संघटनेनं तारीख दिली असेल तर त्याच तारखेला लिही, एकट्यानं रोज लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी एका दिवशी लिहिलेलं दिसतं. आणि प्लेअरच्या घरच्यांच्या अकाउंटवर जाऊन घाण लिहिणं हे आंदोलन नव्हे, त्याला माझा पाठिंबा कधीच मिळणार नाही.

नमस्कार. माझा मुलगा बारावीला आहे. रात्री मॅच बघायला उठतो, हरले की दुसऱ्या दिवशी घरात कुणाशी बोलत नाही. आता म्हणतो क्लबचा मालकच चोर आहे, आपण काय केलं तरी उपयोग नाही. एवढं मनाला लावून घेणं बरं का?
— एक आई, शहापूर

ताई, मनाला लावून घेतोय म्हणजे त्याला काहीतरी आपलं वाटतंय, त्यात वाईट काही नाही. बारावीचं वर्ष आहे म्हणून रात्रीच्या मॅचवर तुम्ही मर्यादा घाला, शनिवारी-रविवारी संध्याकाळच्या बघू दे, आठवड्यात रात्रीच्या नको, हे आई म्हणून तुम्ही सांगितलंच पाहिजे. खरं 'कुठल्या लांबच्या टीमसाठी रडतोस' असं मात्र म्हणू नका, त्यानं तो आणखी गप्प होईल. मला त्याच्या बोलण्यातलं 'आपण काय केलं तरी उपयोग नाही' हे जास्त काळजीचं वाटतं. त्याला हा रकाना वाचायला द्या, पुढचं ब्लॅकपूलचं उत्तर तर मुद्दाम द्या. आणि जमलं तर संध्याकाळी तासभर त्याला खेळायला पाठवा, लेले मैदानावर नाहीतर व्हॅक्सिन डेपोला, कुठंही. जो स्वतः खेळतो त्याला हार लवकर पचते, हे मी पोरांमध्ये वर्षानुवर्षं बघतोय.

स्टेडियम रिकामं ठेवून काय मिळतंय ओ? टीमला सपोर्ट नाही मिळाला तर टीमच हरणार, नुकसान आपलंच. खरा फॅन मॅचला जातोच.
— कॅम्प, बेळगाव

हा वाद प्रत्येक क्लबात होतो आणि घराघरात भांडणं लागतात त्याच्यावरनं. मी जाणाऱ्याला पण नावं ठेवणार नाही, वडिलांबरोबर तीस-चाळीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला माणूस घरी कसा बसेल. खरं उपयोग होत नाही म्हणाल तर ब्लॅकपूलचं ऐका.

समुद्रकाठचं गाव, २०१०-११ ला एक सीझन प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, खेळलं, त्यातनं पैसा आला, आणि तो पैसा टीममध्ये दिसला नाही. ऑयस्टन कुटुंब मालक. फॅननी बोललं तर त्यांच्यावरच कोर्टात केस टाकल्या. टीम घसरत घसरत चौथ्या डिव्हिजनला गेली. ही घसरण चालू असतानाच लोकांनी ठरवलं, एक पेनी पण द्यायची नाही, तिकीट नाही, चहा नाही, जर्सी नाही. हे वर्षानुवर्षं चाललं, बाहेरगावच्या मॅचला जायचे आणि घरच्या मैदानाच्या बाहेर उभे राहायचे. २०१७ च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं निकाल दिला की मालकांनी क्लबचा पैसा गैरमार्गानं काढून घेतला, भागीदाराला ३ कोटी पौंडांहून जास्त द्या म्हणून. २०१९ च्या फेब्रुवारीत कोर्टानं रिसिव्हर, म्हणजे कारभार बघणारा माणूस नेमला, मालक बाहेर. आणि मार्चमध्ये पहिल्या मॅचला पंधरा हजारांवर माणसं परत आली, जिथं आधीच्या काळात स्टँडच्या स्टँड मोकळे पडायचे.

त्या मधल्या वर्षांत टीम हरली का? हरली की. ज्यांनी लहान पोरांना पहिली मॅच दाखवायची होती त्यांनी ती वर्षं घालवली, ती परत मिळत नाहीत. म्हणून बॉयकॉट हा शेवटचा उपाय, आणि तो करायचा तर सगळ्यांनी मिळून, आधी जाहीर करून आणि काय झालं की संपेल ते सांगून. आपल्याच देशात बघा, केरळा ब्लास्टर्सच्या मंजप्पडा या फॅनच्या संघटनेनं २०२४-२५ च्या सीझनला मॅनेजमेंटवर नाराज होऊन आम्ही तिकिटं घेणार नाही म्हणून जाहीर केलं. कोचीत पिवळा समुद्र दिसतो तो या पोरांमुळं दिसतो, त्यांनी हात काढला की टीव्हीवर सुद्धा कळतं.

सर जर्मनीत म्हणे क्लबला मालकच नसतो. मग इंग्लंडवाले तसं का करत नाहीत?
— चिकोडी

मालक असतो, त्याच्याकडं बहुमत नसतं. १९९८ पासनं तिथं नियम आहे, क्लबची कंपनी केली तरी निम्मी मतं आणि वर एक मत सभासदांच्या मूळ क्लबकडं राहिलंच पाहिजे. बाहेरचा पैसेवाला कितीही पैसे घालू दे, मतदानात सभासद भारी. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग अशा कंपनीच्या जुन्या टीमना सूट आहे, आणि लाइपझिगनं सभासदांची संख्याच मूठभर ठेवून पळवाट काढली, म्हणून लाइपझिगला तिकडं बाकीचे फॅन अजून जवळ करत नाहीत.

तिथल्या लीगनं २०२३ च्या शेवटी ठरवलं की टीव्ही हक्कातला ८ टक्के हिस्सा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा. फॅननी काय केलं, मॅच चालू असताना टेनिस बॉल टाकले, सोन्याच्या कागदातली चॉकलेटची नाणी टाकली, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या सोडल्या, कित्येक मॅच बराच वेळ थांबायच्या. २०२४ च्या २१ फेब्रुवारीला लीगनं बेत रद्द केला. कुणाला इजा नाही, मागणी एक.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. गल्लीतल्या गणपती मंडळात जास्त वर्गणी देणारा शेट मान घेतो, आरतीला पुढं उभा राहतो, खरं मूर्ती कुठं बसवायची ते मीटिंगमध्ये ठरतं आणि खर्चाचा हिशोब बोर्डावर लागतो. जर्मनीचा नियम एवढाच आहे, फक्त तो तिथल्या लीगच्या नियमावलीत पक्का केलाय.

इंग्लंडमध्ये क्लब शंभर वर्षांपूर्वीच कंपन्या झाले, शेअर विकले गेले, आता ते मागं कसं घेणार. तरी हललंय. २०२५ च्या जुलैत तिथं फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला, सरकारी नियामक आला, मालकाची तपासणी, मैदान विकायला परवानगी, बिल्ला आणि घरच्या जर्सीचा रंग बदलायला फॅनची संमती. सुपर लीगच्या वेळी लोक रस्त्यावर आले नसते तर हा कायदा आला नसता असं मला ठाम वाटतं. उशीर झाला तो झालाच, शेफिल्ड वेन्सडेसारखा जुना क्लब त्याच वर्षी ऑक्टोबरात दिवाळखोरीच्या कारभारात गेला, १२ पॉइंट कापले, प्लेअरचे पगार थकलेले, आणि फॅन आधीपासनं मालकाविरुद्ध बोंबलत होते.

फॅननी स्वतः क्लब घेतल्याची पण उदाहरणं आहेत. पोर्ट्समथ २०१३ ला फॅनच्या ट्रस्टनं वाचवला, लोकांनी हजार हजार पौंड घातले. चार वर्षांनी त्यांनीच मत देऊन तो एका अमेरिकन उद्योगपतीला विकला, कारण स्टेडियम दुरुस्त करायला पैसा नव्हता. याला मी हार म्हणत नाही, कारण विकताना निर्णय त्यांचा होता.

तुम्ही सगळे इंग्लंडचंच बोलताय. आम्ही बेंगळुरू एफसीचे फॅन, इथं मालक जात नाही म्हणून नव्हे, मालकच सोडून जातील म्हणून झोप उडाली होती. त्याबद्दल लिहा की.
— वडगाव, बेळगाव

लिहितो, आणि हेच सगळ्यात जास्त लागतं मला.

२०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग थांबली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरला संपणार होता, नवीन ठरत नव्हता, म्हणून सीझनच धरून ठेवला. बेंगळुरूनं ऑगस्टमध्ये सीनियर टीमचे पगार थांबवले, बाकीच्या काही क्लबांनी पण काम बंद केलं. दहा वर्षं स्टेडियमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये उभं राहून घसा फोडणाऱ्या पोरांना आपला क्लब राहतोय का जातोय ते कळत नव्हतं आणि विचारायचं कुणाला ते पण कळत नव्हतं. शेवटी २०२६ च्या फेब्रुवारीत एकेरी फेरीची लहान लीग सुरू झाली.

आता मराठी माणसाला हे नवीन नाही हेच दुखतं. मुंबईची महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली, २०१० ला कंपनीनं बंद केली. पुण्यात पुणे एफसी गेली, डीएसके शिवाजियन्स २०१७ ला गेली, आयएसएलची पुणे सिटी २०१९ ला गेली आणि तिची जागा हैदराबादला मिळाली. त्या हैदराबादनं २०२२ ला इथं शेजारी गोव्यात फातोर्ड्यालाच कप जिंकला, चोर्ला घाट उतरून आपल्याकडची पोरं सुद्धा फातोर्ड्याला मॅचला जातात, आणि तीनच वर्षांत तो क्लब पण दिल्लीला गेला, नाव सुद्धा बदललं. एकेका गावातल्या पोरांनी मफलर घेतले, गाणी बसवली, आणि एका सकाळी टीम दुसऱ्या गावाची झाली. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ ला नॅशनल लीगमधनं बाहेर पडले, मागनं धेंपो. ते निदान गोव्याच्या लीगमध्ये राहिले कारण त्यांची मुळं गावात होती.

कोलकात्यात मोहन बागानला २०२० ला एटीके हा दुसरा क्लब जोडला, त्याचं नाव पुढं लावलं, फॅननी तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके' लावून धरलं आणि २०२३ ला ते काढलं गेलं. तिथं ते जमलं कारण मागं १८८९ पासनंचा सभासदांचा क्लब उभा आहे. पुण्याच्या फॅनकडं मागं काही नव्हतं.

आणि कोल्हापूर बघा. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, यातल्या कुणाचा मालक दाखवा मला. तालमीची, पेठेची माणसं चालवतात, कधी पैसे कमी पडतात, भांडणं पण होतात आणि ती वाईट होतात, तरी शाहू स्टेडियम भरतंय आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. तेव्हा बेंगळुरूच्या फॅननी आता टीम चालू झाली म्हणून गप्प बसू नये. क्लबला लेखी विचारा: उद्या तुम्ही सोडलं तर नाव, बिल्ला आणि रंग कुणाचे राहतील? क्लब विकण्याआधी किंवा हलवण्याआधी फॅनच्या संघटनेला किती महिने आधी कळवणार? उत्तर आलं नाही तर तेच बॅनरवर लिहून मॅचला न्या. सगळं चांगलं चालू असतानाच हे मागून घ्यायचं असतं.

रागानं टीम बदलली तर चालेल का?
— अनगोळ

बदल की, तुला कोण अडवणार. खरं जिथं जाशील तिथल्या मालकाची पण माहिती काढून जा.

दादा, आमच्या गावच्या पोरांची टीम आहे, पंचवीस-तीस पोरं, तालुक्यातल्या टूर्नामेंटला जातो. आता एक कॉन्ट्रॅक्टर दोन वर्षांचा सगळा खर्च उचलतो म्हणतोय, बूट, जर्सी, गाडी सगळं. खरं त्यांना टीमचं नाव बदलून त्यांच्या फर्मचं पाहिजे आणि भगव्याच्या जागी त्यांचा निळा रंग. निम्मी पोरं घे म्हणालीत, निम्मी नको. काय करावं?
— खानापूर तालुका

हे पत्र शेवटी ठेवलं कारण वरचं सगळं याच्यात आलंय.

कार्डिफ सिटीचं असंच झालं होतं. निळी टीम, टोपणनाव ब्लूबर्ड्स, मलेशियाच्या मालकानं २०१२ ला जर्सी लाल केली, पैसा घालतो म्हणाला आणि घातला पण, टीम प्रीमियर लीगला गेली. तरी लोकांना ती आपली वाटेना, २०१५ च्या जानेवारीत निळा परत आणावा लागला. हल सिटीच्या मालकाला 'हल टायगर्स' करायचं होतं, २०१४ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशननं नामंजूर केलं. नाव आणि रंग एकदा दिले की परत मिळवायला आंदोलन करावं लागतं, आणि तुमच्या मागं कुठली असोसिएशन उभी राहणार?

म्हणून पैसे घ्या, नाव देऊ नका. त्या माणसाला वाईट समजू नका, गावातल्या पोरांवर खर्च करायला तयार आहे हे मोठं आहे, त्याला बदल्यात काय देता येईल ते बघा. छातीवर फर्मचं नाव मोठ्या अक्षरात, मैदानाच्या कडेनं बॅनर, बक्षीस समारंभाला मान, बाहेरगावी खेळताना घालायची दुसरी जर्सी हवी तर निळी. घरची जर्सी भगवी आणि नाव तेच.

त्याआधी एक काम करा. टीम रजिस्टर आहे का? नसेल तर कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवून घ्या, बेळगावात रजिस्ट्रारच्या ऑफिसात होतं, आणि घटनेतच लिहा की नाव, रंग, बिल्ला बदलायचा तर तीन चतुर्थांश सभासदांचं मत लागेल. बँक खातं संस्थेच्या नावावर, सही दोघांची. मग कॉन्ट्रॅक्टरशी करार एक वर्षाचा करा, दोन नको, पुढं वाढवायचा का ते दोघांनी बसून ठरवा, आणि पैसे सीझन सुरू व्हायच्या आधी निम्मे तरी खात्यावर. बूट-जर्सी कुणाच्या मालकीचे राहतील ते पण लिहा, टीम आणि स्पॉन्सर फाटले की पहिलं भांडण त्याच्यावरनं होतं.

आणि जी पोरं नको म्हणतायत आणि जी घे म्हणतायत त्यांना वेगवेगळं बसवून बोलू नका, एकत्र बसवा, त्या कॉन्ट्रॅक्टरला पण बोलवा आणि हा कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कच्चा मसुदा झाला की फोटो काढून मला पाठव, वकिलाला दाखवतो आणि टूर्नामेंटच्या आधी कळवतो.